आचंद्रसूर्य करार

१९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात एक गायक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला होता. त्याचं नाव जॉन फोगर्टी. त्याच्यावर आरोप असा होता, की त्याने १९८४च्या अखेरीस काढलेलं ‘द ओल्ड मॅन डाउन द रोड’ हे गाणं १९७०च्या ‘रन थ्रू द जंगल’ या गाण्यावरून उचललेलं आहे. आता ते १९७०चं गाणं लिहिलं कुणी? फोगर्टीनेच. चाल त्याची, शब्द त्याचे, गळाही त्याचाच. मालकी मात्र फॅण्टसी रेकॉर्ड्स या कंपनीची होती. म्हणजे आपणच आपल्यासारखे का वाजतो, याचा जबाब त्याला परक्या माणसांपुढे द्यायचा होता. त्याने तो गिटारवर दिला. आपल्या बोटांत हा ढंग कुठून येतो, एकाच मातीतून दोन वेगळी गाणी कशी उगवतात, हे त्याने जूरीला वाजवून दाखवलं. जूरीने त्याच्या बाजूने कौल दिला. वकिलांवर झालेला खर्च परत मिळावा म्हणून तो पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९९४मध्ये तिथेही जिंकला आणि शेवटी त्याला तेरा लाखांहून अधिक डॉलर खर्चापोटी मिळाले.

ध्वनिमुद्रणांच्या मालकीवर पुस्तक लिहायचं ठरवलं तेव्हा पहिल्यांदा मनात आला तो हा पिंजऱ्यातला माणूस. कारण खटला जिंकूनही त्याचं मूळचं दुखणं तसंच राहिलं होतं. फोगर्टी हा क्रीडेन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या चौकडीचा गायक आणि जवळजवळ सगळ्या गाण्यांचा कर्ता. कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटो गावची ही मुलं. १९६८ ते १९७२ या जेमतेम चार-पाच वर्षांत त्यांनी जी गाणी केली, ती आजही अमेरिकेत रेडिओवर रोज वाजतात. कंपनीच्या करारातून सुटका व्हावी म्हणून फोगर्टीने त्या गाण्यांवरच्या आपल्या रॉयल्टीवर पाणी सोडलं. पुढे कित्येक वर्षं तो मंचावर आपलीच गाजलेली गाणी गात नसे. ती गायली की कंपनीच्या तिजोरीत भर पडते, ही सल त्याला सोसवत नव्हती. १९८७च्या ४ जुलैला, व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांसाठी वॉशिंग्टनजवळ झालेल्या कार्यक्रमात त्याने ती पुन्हा गायला घेतली.

कंपनीचे प्रमुख सॉल झेंट्झ हे कलेशी वैर असलेले गृहस्थ मुळीच नव्हते. ‘वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट’ आणि मोत्झार्टवरचा ‘आमादेउस’ हे दोन्ही चित्रपट त्यांनीच निर्माण केले. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण या विषयात खलनायक शोधत बसलं की विषयच हातातून निसटतो. वाईट माणसांमुळे हे वाद झाले असते तर माणसं बदलल्यावर ते मिटले असते. ते मिटत नाहीत, कारण दोष करारात आहे, आणि करारातल्या एका शब्दात आहे.

त्या शब्दाकडे येण्याआधी वस्तू नीट पाहायला हवी. एका गाण्यावर दोन मालक्या असतात. पहिली गीताची आणि चालीची. ती कागदावर उतरवता येते. दुसरी त्या गाण्याच्या एका विशिष्ट मुद्रणाची. अमुक दिवशी, अमुक स्टुडिओत, अमुक गळ्याने तो स्वर लावला आणि तो फितीवर उतरला. या मूळ मुद्रणाला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात. बाजारात जाणारी प्रत्येक तबकडी, कॅसेट, सीडी आणि आता फोनवर ऐकू येणारा प्रत्येक प्रवाह हे त्या मास्टरचं पिल्लू. फोगर्टीवरचा खटला पहिल्या प्रकारच्या मालकीचा होता. पण कंपनीकडे दोन्ही मालक्या होत्या, म्हणून कोंडी पूर्ण झाली. चित्रपटात किंवा जाहिरातीत एखादं मुद्रित गाणं वापरायचं तर दोन्ही मालकांची परवानगी लागते. हा बारकावा लक्षात ठेवावा. पुढे तो एका गायिकेच्या फार कामी आला.

मास्टर ही हक्काइतकीच हातात धरता येणारी वस्तूही आहे, आणि वस्तू जळते. १ जून २००८ रोजी हॉलिवूडजवळच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. तिथल्या एका गोदामात अनेक दशकांच्या मूळ फिती ठेवलेल्या होत्या. त्या वेळी बाहेर बातमी आली ती प्रामुख्याने चित्रीकरणाचे सेट जळाल्याची. ध्वनिमुद्रणांचं किती मोठं नुकसान झालं असावं, हे २०१९मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिकात आलं, तेव्हा लोकांना कळलं. नेमकं काय आणि किती जळलं यावर कंपनीने वाद घातला, पण अकरा वर्षं बहुतेक कलावंतांना कुणी काही कळवलं नव्हतं यावर वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं. घर आपल्या नावावर नसलं की ते पडल्याचा निरोपही आपल्याला येत नाही.

आता करार. रेकॉर्ड कंपनी नव्या कलावंताला अ‍ॅडव्हान्स देते. त्याला वाटतं, हे आपलं मानधन. ती खरं तर उचल असते. समजा, उचल दहा लाखांची आणि कलावंताचा वाटा शेकडा पंधरा. उचलीची वसुली एकूण उत्पन्नातून होत नाही, त्याच्या पंधरातून होते. म्हणजे पहिला रुपया हाती यायला मुद्रणाने जवळजवळ सदुसष्ट लाख कमवावे लागतात, आणि तोवर कंपनीच्या हाती उरलेल्या पंच्याऐंशी टक्क्यांपोटी सत्तावन्न लाखांच्या आसपास पोचलेले असतात. स्टुडिओचं भाडं आणि बहुधा व्हिडिओच्या खर्चाचा काही भागही उचलीतच धरला जातो. कलावंत स्वतःच्या पैशाने आपलं मुद्रण करतो, ते पैसे फेडतो, आणि फेड पूर्ण झाल्यावरही मुद्रण कंपनीचंच राहतं.

आपल्याकडे सावकारीतही इतकं नव्हतं. मुदत खरेदी हा व्यवहार गावोगावी ठाऊक होता. अडलेला शेतकरी जमीन लिहून द्यायचा, पण मुदतीत रक्कम परत केली तर जमीन परत फिरायची. सावकार लबाडी करायचे, मुदत टळावी म्हणून डाव टाकायचे. तरी कागदावर परतीची वाट लिहिलेली असे. रेकॉर्डच्या करारात ती वाट लिहिलेलीच नसते. तिथे ‘कायमस्वरूपी’ असतं, आणि पुष्कळदा ‘संपूर्ण विश्वात’ असंही असतं. कोकणात शिलाहारकाळातल्या गधेगाळी, म्हणजे दानाचे कोरीव दगड, ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा थाट ओळखीचा वाटेल. माथ्यावर चंद्र आणि सूर्य कोरलेले, म्हणजे ते असेतो हे दान चालावं. पण ते दान राजे-सामंत देत असत, आपली सत्ता पुरती ओळखून. इथे चंद्रसूर्याच्या साक्षीने लिहून देणारा बहुधा विशीच्या अलीकडे-पलीकडे असतो. प्रिन्स या अमेरिकी गायकाने वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीशी करार केला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. गायिका टेलर स्विफ्ट बिग मशीन या नॅशव्हिलच्या कंपनीत आली तेव्हा पंधराची होती. आपल्या आवाजाची किंमत काय हे ज्या वयात कुणालाच माहीत नसतं, त्या वयात तो कायमचा विकला जातो. माझं सगळं म्हणणं या ‘कायम’ शब्दाबद्दल आहे.

कंपन्यांची बाजू मी टाळणार नाही. दहा कलावंतांवर पैसा लावावा तेव्हा एखादाच चालतो. बाकीच्यांची बुडीत उचल कंपनी त्यांच्या खिशातून वसूल करत नाही, सोसते. चाललेल्या एकाच्या मिळकतीतून ती ते भरून काढते. हा युक्तिवाद खरा आहे. पण तो दहा वर्षांसाठी खरा आहे, वीस वर्षांसाठीही मान्य करू. जोखीम केव्हाच फिटली, नफा कित्येक पटींनी झाला, ज्यांनी जोखीम घेतली ती माणसंही कंपनीत राहिली नाहीत, तरी मालकी तशीच कशी राहते, याचं उत्तर या युक्तिवादात नाही.

प्रिन्सने ही लढाई अंगावर घेतली. १९९२मध्ये त्याने वॉर्नरशी नवा करार केला, तेव्हा दहा कोटी डॉलरांचा म्हणून त्याचा गाजावाजा झाला. वर्षभरात तो त्यातून सुटायला धडपडू लागला. त्याला भराभर गाणी बाहेर काढायची होती, कंपनीला बाजाराच्या वेगाने. १९९३मध्ये, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्याने नावच टाकलं आणि उच्चार नसलेलं एक चिन्ह धारण केलं. पुढे गालावर ‘गुलाम’ या अर्थाचा इंग्रजी शब्द रंगवून तो लोकांसमोर येऊ लागला. कोट्यधीश माणसाने स्वतःला गुलाम म्हणावं, याचा अनेकांना राग आला. तो राग मला कळतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयाने हा शब्द गंमत म्हणून गालावर लिहिला नसेल, हेही कळतं. २०१४मध्ये वॉर्नरशी नवा समझोता होऊन त्याच्या जुन्या मुद्रणांची मालकी त्याच्याकडे आली. त्यानंतर तो दोनच वर्षं जगला. मृत्युपत्र त्याने केलेलं नव्हतं.

एक गोष्ट या प्रकरणात सहसा नजरेआड होते. जुनं मास्टर मिळत नाही तर नवं घडवायचं, हा मार्ग प्रिन्सने १९९९मध्येच दाखवला होता. त्याने आपलं ‘१९९९’ हे गाणं नव्याने मुद्रित करून काढलं. ते फारसं चाललं नाही. वीस वर्षांनी तोच मार्ग एका बाईने धरला आणि धंद्याला घाम फुटला.

टेलर स्विफ्टचे पहिले सहा आल्बम बिग मशीनच्या मालकीचे होते. २०१८मध्ये ती दुसऱ्या कंपनीत गेली, आणि नव्या करारात पुढची मास्टर आपलीच राहतील हे तिने लिहून घेतलं. ३० जून २०१९ रोजी बातमी आली, की स्कूटर ब्रॉन या व्यवस्थापकाच्या कंपनीने बिग मशीन विकत घेतली आहे. किंमत तीस कोटी डॉलरांच्या घरात सांगितली गेली. ब्रॉनशी तिचं वाकडं होतं. आपला पंधराव्या वर्षापासूनचा आवाज त्याच माणसाच्या हाती गेल्याचं तिला जगाबरोबरच कळलं, असं तिने लिहिलं. कंपनीने ते नाकारलं. पुढच्या वर्षी ती मुद्रणं पुन्हा विकली गेली, या वेळी शॅमरॉक या गुंतवणूक कंपनीला. आवाज जणू मोकळा भूखंड असावा, तसे व्यवहार होत होते.

तिच्या हातात दोन पत्ते होते. एक, जुन्या करारानुसार ठरावीक काळानंतर तीच गाणी नव्याने मुद्रित करायची मुभा होती. दोन, ती स्वतः त्या गाण्यांची कर्ती होती. म्हणजे वर म्हटलेली पहिली मालकी तिच्या बाजूला होती. चित्रपटवाल्याला जुनं मुद्रण हवं असेल तर तिची परवानगी लागणार, आणि ती नाही म्हणणार. २०२१च्या एप्रिलमध्ये ‘फीअरलेस’, नोव्हेंबरमध्ये ‘रेड’, २०२३मध्ये ‘स्पीक नाऊ’ आणि ‘१९८९’ असे चार आल्बम ‘टेलर्स व्हर्जन’ म्हणून नव्याने आले. शेवटचा तर पहिल्या आठवड्यात अमेरिकेत मूळ आल्बमपेक्षाही जास्त खपला. तिने चाहत्यांना जुनी आवृत्ती ऐकू नका असं नुसतं विनवलं नाही. त्याच गाण्याला आता दोन दारं आहेत, माझ्या दाराने या, असं करून दाखवलं. ३० मे २०२५ रोजी तिने जाहीर केलं, की पहिल्या सहाही आल्बमची मूळ मुद्रणं तिने शॅमरॉककडून विकत घेतली आहेत.

विकत घेतली. इथे मी थांबतो, कारण आनंदाच्या बातमीत हा शब्द हरवून गेला. जगातल्या सर्वांत यशस्वी गायिकेला आपला जुना आवाज परत मिळवायला बाजारभावाने पैसे मोजावे लागले. तिच्याकडे ते होते. ज्याची दोनच गाणी चालली, जो इतरांनी लिहिलेली गाणी गातो, ज्याचा गळा साठीत पूर्वीसारखा लागत नाही, त्याने काय करावं? आणि तिच्या यशानंतर कंपन्यांनी काय केलं, तर नव्या करारांत पुनर्मुद्रणाची बंदी लांबवली. पूर्वी पाच-सात वर्षांची असे, तिथे आता दहा, पंधरा, काही ठिकाणी तीस वर्षं मागितली जातात, असं अमेरिकी व्यापारपत्रांनी २०२३मध्ये छापलं. एकीने भिंत ओलांडली आणि मागून येणाऱ्यांसाठी भिंत उंच झाली.

म्हणून मला खरी आशा वाटते ती कायद्याकडून, आणि त्याच कायद्याबाबत घडलेला एक प्रसंग सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. अमेरिकेने १९७६मध्ये नवा स्वामित्व कायदा केला. तो १९७८पासून लागू झाला. त्यात एक तरतूद अशी, की हक्क लिहून दिल्यावर पस्तीस वर्षांनी मूळ कर्ता नोटीस देऊन ते परत घेऊ शकतो, करारात काहीही लिहिलेलं असो. आपली मुदत खरेदी म्हणा. मात्र नोकरीत, मालकासाठी केलेलं काम याला अपवाद. १९९९च्या नोव्हेंबरमध्ये उपग्रह दूरचित्रवाणीविषयीच्या एका विधेयकात, जवळजवळ कुणाच्या लक्षात न येता, मोजके शब्द घातले गेले. त्यामुळे ध्वनिमुद्रणं त्या अपवादाच्या यादीत जाऊन बसली. म्हणजे गायक हा कंपनीचा पगारी नोकर, आणि पस्तीस वर्षांनी परत घ्यायला त्याच्याकडे मुळात काही नव्हतंच. ते शब्द मसुद्यात घालणारा संसदीय कर्मचारी पुढे रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेत मोठ्या पदावर गेला. शेरिल क्रो, डॉन हेन्ली यांच्यासारखे गायक उभे ठाकले, क्रो काँग्रेससमोर बोलल्या, आणि वर्षाच्या आत, २०००मध्ये, ते शब्द काढून टाकावे लागले. पण मूळ प्रश्न तसाच राहिला: गायक कर्ता की नोकर? २०१३पासून पहिल्या पस्तीस वर्षांचे हिशोब भरू लागले आहेत आणि एकेक खटला उभा राहतो आहे. २०२४मध्ये मायामीत टू लाइव्ह क्रू या रॅप गटाच्या बाजूने जूरीने कौल दिला. युरोपीय संघाने २०११मध्ये मुद्रणांचं संरक्षण पन्नासवरून सत्तर वर्षांवर नेलं, तेव्हा सोबत एक अटही घातली: पन्नास वर्षांनंतर कंपनी मुद्रण पुरेसं बाजारात ठेवत नसेल तर कलावंत करार मोडू शकतो. अट लहान आहे, उशिराची आहे, पण ‘कायम’ला तिथे एक चीर पडली आहे.

आणि आपण? १ एप्रिल १९५७ हा पश्चिम महाराष्ट्रातल्या कुळांचा कृषक दिन. कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानायचं, असं त्या दिवशी कायद्याने ठरलं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये स्वामित्व कायदा झाला, आणि त्यात गाणाऱ्याला कुठेच जागा नव्हती. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून आपला कायदा आजही निर्मात्याला मानतो. शेत कसणारा दिसला, गळा कसणारा दिसला नाही. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी तबकड्यांच्या विक्रीत गायकालाही वाटा हवा असा आग्रह धरला. महंमद रफींचं मत होतं, की गाण्याचे पैसे मिळाले, हिशोब संपला. दोघं काही वर्षं एकत्र गायली नाहीत. त्या भांडणाकडे आपण दोन मोठ्या माणसांचा रुसवा म्हणून पाहत आलो. तो या देशातला मालकीचा पहिला ठळक वाद होता, आणि रफींच्या बिदागीच्या संस्कारालाही त्यात मोठेपणा होता. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांचे हक्क निर्मात्याकडे जातात असा निकाल दिला, तेव्हा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळी पुरवणी लिहून गायकाची दखलच कायद्यात नाही याबद्दल खंत नोंदवली. कलावंताचा हक्क म्हणून काही कायद्यात यायला १९९४ उजाडलं. गीतकार, संगीतकारांना रॉयल्टी सोडून देता येणारच नाही, अशी तरतूद २०१२मध्ये आली. तिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत लढले. गायकांचा रॉयल्टीचा हक्कही त्याच दुरुस्तीत आला. मास्टर मात्र निर्मात्याचंच राहिलं, प्रकाशनानंतर साठ वर्षं.

एक फरक माझ्या पिढीला चांगला आठवेल. ऐंशीच्या दशकात कॅसेटच्या दुकानांत जुनी गाणी नव्या गळ्यांत, स्वस्तात मिळू लागली. वर्शन रेकॉर्डिंगला आपल्या कायद्यात वाट होती आणि टी-सीरिजने ती हेरली. अमेरिकेत पुनर्मुद्रण हे कलावंताचं हत्यार झालं. आपल्याकडे ते एका कंपनीचं दुसऱ्या कंपनीविरुद्धचं हत्यार होतं. जुन्या मुद्रणावर जुन्या गायकाची मालकी नव्हती, नव्या मुद्रणावर नव्या गायकाची नव्हती. आम्ही ती कॅसेट घेऊन घरी आलो, लावली, मूळ गाण्यासारखं वाटत नाही म्हणून नाकं मुरडली. ज्याचा आवाज त्याचं त्यात काय, हे मी तरी तेव्हा एकदाही विचारलं नाही.

पुढच्या पानांत अशी प्रकरणं एकामागून एक येतील. ती वाचताना फोगर्टीचं पुढे काय झालं, हे माहीत असावं. २००४मध्ये फॅण्टसी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली आणि नव्या मालकांनी त्याची सोडून दिलेली रॉयल्टी पुन्हा सुरू केली. २०२३मध्ये त्याने आपल्याच गाण्यांच्या गीत-चालींच्या हक्कांतला मोठा वाटा विकत घेतला. मास्टर त्यात नव्हती. म्हणून २०२५मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्याने विशीत केलेली वीस गाणी आपल्या मुलांना साथीला घेऊन पुन्हा मुद्रित केली. प्रत्येक गाण्याच्या नावापुढे कंसात लिहिलं आहे, ‘जॉन्स व्हर्जन’.